मामांची चांदी

शुद्ध चांदी 961.8 अंश सेल्सिअसला वितळते, हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. त्याच्या आदल्या क्षणापर्यंत ती चेहऱ्यावर काहीही दाखवत नाही, हे मात्र कुणी छापत नाही. दूध उतू जाण्याआधी निदान वर तरी येतं. समोरच्याला धावायची एक संधी देतं. चांदी असला शिष्टाचार पाळत नाही. तारेची नाजूक वेलबुट्टी जाळासमोर मुकाट बसलेली असते. किंचित लाल होते. आणखी किंचित. आणि आपण मनात "अजून थोडं" म्हणेपर्यंत तिथे एक गोल, गुळगुळीत, देखणी गोळी असते. वेलबुट्टी गेलेली असते.

घरी दागिने घडवायला बसलेल्या बहुतेकांच्या हातून पहिल्यांदा घडते ती ही गोळी. माझे मामा त्याला अपवाद नव्हते. फक्त ती चूक आहे हे त्यांनी मान्य केलं नाही. वितळलेल्या धातूला आपला पृष्ठभाग कमीत कमी ठेवायचा असतो म्हणून तो गोल होतो, हे त्यांनी मला सविस्तर समजावलं. पुढे त्यांना कुठूनसं कळलं, की जुने कारागीर हेच मुद्दाम करायचे. तारेचे बारीक तुकडे कोळशावर ठेवून तापवायचे, त्यांचे आपसूक दाणे होतात, ते दागिन्यावर बसवायचे. रवाकाम म्हणतात त्याला. त्या दिवसापासून मामांच्या हातून काहीही वितळलं तरी ते रवाकामच असायचं.

मामा वीजखात्यातून निवृत्त. राहायला सदाशिव पेठेत, तिसरा मजला, पश्चिमेकडे गॅलरी. निवृत्तीनंतर माणसं बागकाम, ब्रिज किंवा हास्यक्लब यांपैकी काहीतरी धरतात. मामांनी गॅलरीतलं तुळशीचं टेबल धरलं, तुळस खाली ठेवली आणि त्यावर चांदीकाम मांडलं. हॉटेलात पुडिंगवरची साखर जाळायला वापरतात तसली हातातली टॉर्च, कानशींचा संच, छोटी ऐरण, हातोडी आणि दागिन्यांची करवत. या करवतीचं पातं फारच बारीक. जोर दिला की तुटतं, वाकडं धरलं की तुटतं, वळणावर अडकलं की तुटतं, आणि आता सगळं जमतंय असं वाटून माणूस खूश झाला की हमखास तुटतं. ही पाती दुकानात डझनावर विकतात. एवढ्या एका गोष्टीवरून मामांनी सावध व्हायला हरकत नव्हती.

पण ज्या माणसाला एक गोष्ट येते त्याला तिच्या शेजारची गोष्ट शिकवणं सगळ्यांत अवघड. मामांना सोल्डरिंग येत होतं. वीजखात्यात आयुष्य गेलेलं. तारा जोडणं म्हणजे हातचा मळ. त्यांनी खणातून कथील-शिशाची तार काढली आणि मामींच्या तुटलेल्या चांदीच्या साखळीला तिचा टाका दिला. ही तार दोनशे अंशांच्या आतच पाघळते. सोनार वापरतात तो चांदीचा डाक पाघळायला सातशेच्या आसपास जावं लागतं. तेव्हा मामांचं काम झटक्यात झालं आणि सोनार लोक उगाच एवढा जाळ का करतात, असा प्रश्नही त्यांना पडला. जोड थोडा काळपट दिसत होता, एवढंच. तो सुधारायला त्यांनी टॉर्च पेटवली. तापलेल्या चांदीला शिसं-कथील लागलं की ते तिच्यात शिरतं आणि तिला खातं. साखळी आधी एका ठिकाणी तुटलेली होती. आता तिला ठिकाणंच राहिली नाहीत.

सोनारानंच कान टोचलेले बरे म्हणतात, तसे मामांचे कान टोचायला समोरच्या वाड्यातले सोनारकाका आले. पेढी मुलांनी मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं दिल्यावर काका घरीच असत. त्यांनी साखळीचे अवशेष हातात घेतले, वास घेतला, आणि म्हणाले, "साहेब, ह्यात शिसं गेलंय. हे आता आपल्या चांगल्या चांदीत मिसळू नका. वेगळं ठेवा." एखाद्या साथीच्या रोग्याबद्दल बोलावं असा स्वर होता. मामा म्हणाले, "बरं, मग केडीएम वापरू?" तेव्हा मात्र काकांनी आवाज चढवला. केडीएम म्हणजे कॅडमियम. जोड सोपा होतो, पण तापवताना त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसात जातो आणि तो धूर विषारी असतो. आपण गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं "केडीएमचं आहे ना?" असं विचारून, ते शुद्धतेचं नाव समजून दागिने घेत होतो. ते नाव सोन्याचं नव्हतंच, जोडात घातलेल्या धातूचं होतं, आणि त्याची किंमत जाळासमोर बसलेल्या माणसानं भरली. हे काका सांगत होते तेव्हा मामा प्रथमच गप्प बसले. अर्थात फार वेळ नाही.

मामांच्या टेबलावर त्या वेळी दोन एलईडी दिवे आणि एक भिंगाचा दिवा असा लखलखाट होता. बारीक काम म्हणजे भरपूर उजेड, हा सरळ हिशेब. काकांनी पहिली सूचना केली ती "हे दिवे मालवा" अशी. सोनाराची बसायची जागा अंधारी असते ती कंजूषपणानं नव्हे. तापलेल्या चांदीची ती मंद लाली भर उजेडात दिसतच नाही. दिसायला लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दुसरी सूचना: "चांदीकडे बघू नका. टाकणखाराकडे बघा." जोडावर टाकणखार लावतात तो तापल्यावर आधी फुलतो, पांढराशुभ्र होतो, आणि फुलता फुलता त्यावर नीट मांडून ठेवलेला डाकाचा तुकडा आनंदानं बाजूला ढकलून देतो. मग तो खाली बसतो. मग साधारण साडेसातशे अंशांच्या अलीकडे पारदर्शक होतो, पाण्यासारखा चकाकतो. तो तसा झाला की समजायचं, आता डाक धावणार. म्हणजे थर्मामीटर पहिल्यापासून तिथेच होता. मामा त्याला मळ समजून पुसत होते.

डाक धावतो हे खरं, पण कुठे धावतो हे त्याचं त्याला ठाऊक असतं. जिकडे जास्त गरम तिकडे तो जातो. आपण जिकडे ठेवला तिकडे राहायचं त्याच्यावर बंधन नाही. मामांनी मामींसाठी साडीपिन केली, तिच्या मागच्या बिजागरीच्या अलीकडे एक टाका हवा होता. डाक सरळ बिजागरीत गेला. पिन आता उघडत नाही. ती ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत ती कुठल्याही साडीला लावता येत नाही, पण कुठल्याही साडीवरून पडतही नाही, असं मामांचं म्हणणं. त्यानंतरच्या साखळीत डाक एका कडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत गेला आणि साखळीची सळई झाली. सोनारकाकांनी ती उभी धरून पाहिली, कुठेही वाकली नाही. "मजबूत आहे," एवढं ते म्हणाले. जुन्या माणसांना खोटं न बोलता कौतुक करता येतं.

काकांनीच एकदा आम्हांला रविवार पेठेत एका माळ्यावर नेलं. पुण्या-मुंबईच्या सराफ बाजारातलं बरंचसं हातकाम आता बंगाली कारागिरांच्या हातात आहे. विशीतला एक मुलगा मांडी घालून बसला होता, समोर गॅसची लहानशी ज्योत, तोंडात फुंकणी. गालांत हवा साठवून तो सलग फुंकत होता आणि त्याच वेळी नाकानं श्वास घेत होता. ज्योतीचं टोक त्यानं एका जोडावर आणलं, फिरवलं, काढलं. संपलं. मामांनी घड्याळ बघायच्या आत. मग तो मामांकडे बघून हसला आणि पुढचा दागिना उचलला. परतताना मामा रिक्षात गाल फुगवून नाकानं श्वास घ्यायचा सराव करत होते. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं आणि शेवटी विचारलं, "काका, हॉस्पिटलला घेऊ का?"

डाक देऊन झाला की दागिना काळाकुट्ट दिसतो. तो उजळवायला सौम्य आम्लात टाकतात. मामी तांब्याची भांडी चिंचेनं घासतात, त्याच तत्त्वावर मामांनी लिंबूफुलाचं पाणी गरम करून ठेवलं. हे पाणी वापरून वापरून निळसर होतं, कारण चांदीत मिसळलेलं तांबं त्यात उतरत जातं. 925 ची चांदी म्हणजे हजारात पंचाहत्तर भाग दुसरा धातू, बहुतेक वेळा तांबंच. तोवर ठीक. पण दागिना बाहेर काढायला तांब्याचा किंवा लाकडाचा चिमटा घ्यायचा असतो. मामांनी स्वयंपाकघरातली लोखंडी सांडशी घातली. लोखंड पाण्यात गेलं की विरघळलेलं तांबं बाहेर यायला बघतं आणि हाताशी असेल त्या चांदीवर जाऊन बसतं. मामींची कर्णफुलं गुलाबी होऊन बाहेर आली. "रोज गोल्ड," मामा म्हणाले. मामींनी कर्णफुलांकडे पाहिलं, मग सांडशीकडे पाहिलं. त्यांचं दुःख सांडशीबद्दल होतं.

पोकळ मण्याचा प्रकार थोडक्यात सांगतो. दोन वाट्या जोडून मणी करायचा तर त्याला एक बारीक भोक ठेवावं लागतं. नाहीतर आतली हवा आणि एखादा पाण्याचा थेंब तापून फुगतो आणि बाहेर पडायला वाट शोधतो. मामांचा मणी फुटला त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे जोशी दार वाजवायला आले. "नाही, नाही, सिलिंडर नाही, दागिना," हे उत्तर त्यांना पटलं असं वाटलं नाही.

चातुर्मासातली गोष्ट मात्र थोडक्यात सांगण्यासारखी नाही. मामींकडे त्या चार महिन्यांत कांदा-लसूणही घरात येत नाही. भाद्रपदात गौरी येतात, आणि मामांनी त्या वर्षी गौरींसाठी स्वतःच्या हातानं चांदीचे झुबे करायचं जाहीर केलं होतं. झुबे झाले, पण फार नवे दिसत होते. त्यांना जुना बाज हवा होता. बाजारात ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळतं त्या चांदीवरचा काळेपणा गंधकाचा असतो, ऑक्सिजनचा नव्हे. आणि गंधक मिळवायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे उकडलेलं अंडं. गरम गरम अंड्याचा बलक कुस्करून पिशवीत घालायचा, दागिना आत ठेवायचा, पिशवी बंद करायची. तासाभरात चांदी आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळपट होते. मामांनी हा उद्योग मामी देवळात गेल्या असताना केला. अंडं कुठून आणलं, कशात उकडलं, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही, आणि त्या भांड्यात आता काय शिजतं याचा विचार मी करत नाही. गौरी जेवायच्या दिवशी मामींच्या थोरल्या जाऊबाई झुब्यांकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, हे पेशवाईतले दिसताहेत." मग थोडं जवळ जाऊन, "वास कसला येतोय गं?" मामा पटकन म्हणाले, "गंधकाचा." बोलले ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक.

आता जरा मोठ्या प्रश्नाकडे येतो. हल्ली प्रदर्शनांत हातानं घडवलेल्या दागिन्यांवर ठोक्यांच्या खुणा असतात आणि त्या खुणांचे वेगळे पैसे पडतात. मामांच्या अंगठ्यांवरही खुणा होत्याच, म्हणून त्यांनी एका प्रदर्शनात टेबल घ्यायचं ठरवलं. त्याआधी मी त्यांना कसब्यातल्या तांबट आळीत घेऊन गेलो, हा माझा दुष्टपणा. तिथे तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करतात. हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून, ओळीत, भांडं गोल फिरवत. दिसायला सुंदर, पण मूळ काम सौंदर्याचं नाही: ठोक्यांनी तांब्याचा पत्रा घट्ट होतो, बळकट होतो. तेच ठोके प्रमाणाबाहेर पडले तर पत्रा कडक होऊन चिरतो, म्हणून मधे तापवून पुन्हा नरम करावा लागतो. मामांनी ते बघितलं आणि खिशातली स्वतःची अंगठी काढून बघितली. तिच्यावर काही ठोके खोल होते, काही निसटते, आणि एक ठोका बहुधा त्यांच्या अंगठ्याला लागून मग तिथे पोचलेला होता. शिवाय ठोकून ठोकून अंगठी दोन मापांनी मोठी झाली होती, कारण ठोकला की धातू पसरतो. मामा म्हणाले, "ह्यांचं फारच एकसारखं वाटतं. मशीनचं वाटतं." टेबल मात्र घेतलं नाही.

मला विचाराल तर हस्तकला या शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकतो. एकीत हात वळलेला असल्यामुळे खूण राहते, दुसरीत हात अजून वळायचा असल्यामुळे. दुसरी जास्त महाग असते.

पण मामांच्या मार्गातला खरा अडथळा ना जाळ होता, ना डाक. तो होता माणसाला असलेले दोन कान. अंगठी एकटी असते, पेंडंट एकटं असतं, कर्णफुलांना मात्र जोडी लागते. मामांनी पहिलं केलं, त्यात चुका झाल्या. त्या चुका लक्षात ठेवून दुसरं केलं, ते चांगलं झालं. आता पहिलं दुसऱ्यापुढे लाजिरवाणं दिसू लागलं, म्हणून दुसऱ्याला जोड म्हणून तिसरं केलं. ते दुसऱ्याहून चांगलं झालं. चुकांतून शिकणाऱ्या माणसाला कानातल्याची जोडी कधीच करता येत नाही. ती दोघांनाच जमते: ज्याला सगळं येतं त्याला, आणि ज्याला काहीही शिकायचं नाही त्याला. मामी लग्नाकार्यात फोटोला एका बाजूनं उभ्या राहायला शिकल्या. कोणती बाजू, हे त्या आठवड्यातल्या मामांच्या प्रगतीवर ठरे.

याच सुमारास मामांनी बेनव्हेनुतो चेल्लिनीचं चरित्र वाचलं आणि घरात तणाव निर्माण झाला. हा सोळाव्या शतकातला फ्लॉरेन्सचा सोनार, पुढे शिल्पकार झालेला. पर्सियसचा मोठा काशाचा पुतळा ओतताना भट्टी मंदावली, धातू घट्ट व्हायला लागला, छपरानं पेट घेतला, आणि हा स्वतः तापानं फणफणलेला. आत्मचरित्रात तो सांगतो, की त्यानं घरातली कथलाची ताटं, वाडगे, दोनशेच्या आसपास नग, सगळे त्या रसात फेकले आणि रस पुन्हा वाहता झाला. 1554 मध्ये पुतळ्याचं अनावरण झालं. तो आजही फ्लॉरेन्सच्या चौकात उभा आहे. ओतकामात फक्त उजव्या पायाच्या बोटांपाशी थोडं कमी पडलं होतं. मामा हे वाचून भारावले आणि माळ्यावरच्या पितळी डब्यांकडे बघू लागले. मामींनी शांतपणे विचारलं, "अहो, त्याच्या बायकोनं काय लिहिलंय?" चेल्लिनीचं त्या वेळी लग्न झालेलं नव्हतं. मामींना उत्तराची अपेक्षाही नव्हती. त्यांनी माळ्याला कुलूप घातलं.

मग सोनारकाकांनी झारेकऱ्यांचा विषय काढला, हे त्यांनी करायला नको होतं. सोनाराच्या दुकानातली धूळ, कचरा, अगदी समोरच्या गटारातला गाळसुद्धा विकत घेऊन, तो धुऊन, चाळून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढणारे हे लोक. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. सोनारानं कितीही जपलं तरी कानशीचा कीस उडतो, कपड्याला चिकटतो, पायाबरोबर बाहेर जातो, आणि तो कुणाच्या तरी हाती लागतो. हे ऐकून मामांना आठवलं, की आपल्या गॅलरीत कामाच्या बाई रोज झाडू मारतात. त्या संध्याकाळपासून गॅलरी झाडायला बंदी आली. धूळ मामा स्वतः कुंचल्यानं गोळा करून डब्यात भरू लागले. चिमण्यांना टाकलेले तांदूळ, तुळशीची पानं, मामींच्या रांगोळीचा थोडा भाग, केस, आणि कुठेतरी चांदी. काकांनी आधी लोहचुंबक फिरवून तुटलेल्या पात्यांचे आणि कानशीचे कण काढायला लावले. चुंबकाला लागलेला ढीग उरलेल्या ढिगाहून मोठा होता.

शेवटी मामींनीच निर्णय घेतला. चांदीचा भाव मामांनी छंद सुरू केला तेव्हापेक्षा बराच चढला होता. साडीपिन, सळई, गुलाबी कर्णफुलं, मोठी झालेली अंगठी, एकेक उरलेली सगळी कानातली त्यांनी एका पिशवीत भरली आणि मोडीला नेली. मामा सोबत गेले, मी पिशवी धरायला. मामांचं म्हणणं होतं की यातली एक अंगठी खरोखर जमलेली आहे, तेवढी वेगळी धरावी. सराफानं चष्मा वर केला, अंगठी बोटांत फिरवली, "छान आहे" म्हणाला आणि बाकीच्यांबरोबर तराजूत टाकली. डाकाची घट कापून आलेली रक्कम मामांनी चांदीवर घातलेल्या पैशांपेक्षा जास्त निघाली. टॉर्च, कानशी आणि पाती यांचा हिशेब त्या क्षणी कुणी काढला नाही.

मामींनी त्याच काउंटरवर त्या पैशांतून कर्णफुलांची एक जोडी घेतली. मामांनी खिशातून भिंग काढलं, दोन्ही आळीपाळीनं डोळ्याजवळ नेली आणि काहीशा विजयी स्वरात म्हणाले, "मशीनची आहेत."

"हो ना," मामी आरशात मान दोन्हीकडे वळवून बघत म्हणाल्या. "आता फोटोला सरळ उभी राहीन."